भाषा घडवण्याचा छंद

टपाल तिकिटे, नाणी, शंखशिंपले जमवण्याचे छंद सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु व्याकरण, शब्दसंग्रह आणि हजार-दोन हजार वर्षांचा कल्पित इतिहास यांसह एक संपूर्ण भाषाच घरी बसून घडवायची, हा छंद ऐकणाऱ्याला काहीसा विचित्र वाटतो. जगभर अनेक हौशी मंडळी मात्र वर्षानुवर्षे यात रमलेली आहेत. त्यांची भाषा कोणी बोलणार नसते आणि तिच्यातून अर्थप्राप्तीही क्वचितच होते. तरीही एखादा प्रत्यय मनासारखा जमावा म्हणून ते रात्री जागवतात.

कृत्रिम भाषा म्हटले की एस्पेरांतो आठवते. डॉ. झामेनहोफ यांनी १८८७ मध्ये ती जगापुढे मांडली, ती निरनिराळ्या भाषिकांना परस्परांशी सहज बोलता यावे या हेतूने. त्यामुळे तिच्यात अपवादांना थारा नाही. प्रत्येक नाम 'ओ'कारान्त. येथे ज्या छंदाचा विचार करायचा आहे, त्याची दिशा नेमकी उलट आहे. या मंडळींना सोपी नव्हे, तर खरी वाटेल अशी भाषा हवी असते. आणि खऱ्या भाषा अपवादांनी भरलेल्या असतात.

या छंदाचे सर्वांत ख्यातनाम उपासक म्हणजे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक आणि ऑक्सफर्डचे प्राध्यापक जे. आर. आर. टोल्कीन (१८९२-१९७३). बालपणी मावसबहिणींच्या संगतीने त्यांना बनावट भाषेचा नाद लागला. मराठी मुले शब्दाच्या आरंभी 'च' लावून आणि पहिले अक्षर शेवटी नेऊन 'च'ची भाषा बोलतात, त्याच जातीचा हा खेळ होता. इतर मुले मोठेपणी असा खेळ विसरतात. टोल्कीन विसरले नाहीत. १९३१ मध्ये ऑक्सफर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानात त्यांनी या नादाला 'गुप्त व्यसन' म्हटले आणि काहीशा संकोचानेच त्याची जाहीर कबुली दिली. आपल्या कथा भाषांसाठी जन्मल्या, भाषा कथांसाठी नव्हेत, असे ते पुढे आवर्जून सांगत.

नियमांतून जन्मणारे अपवाद

खरी वाटणारी भाषा घडते कशी? केवळ चमत्कारिक शब्दांची यादी करून नव्हे. कुशल रचनाकार प्रथम एक जुनी, मूळ भाषा कल्पितो आणि मग तिच्यावर ध्वनिपरिवर्तनाचे नियम क्रमाने चालवतो. हे परिवर्तन मराठी वाचकाला नवे नाही. संस्कृतातील 'सप्त' प्राकृतात 'सत्त' झाले आणि मराठीत 'सात'. 'कर्म'चे 'कम्म' आणि मग 'काम'. 'दुग्ध'चे 'दुद्ध' आणि मग 'दूध'. आधी जोडाक्षर एकजीव झाले, नंतर द्वित्त गेले आणि त्याच्या मोबदल्यात आधीचा स्वर दीर्घ झाला.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, मूळ भाषेत 'नोता' म्हणजे एक दगड आणि 'नोती' म्हणजे अनेक दगड. पहिला नियम असा, की 'ई'पूर्वीच्या 'त'चा 'च' होतो. म्हणून 'नोती'चे 'नोची' झाले. काही शतकांनी दुसरा नियम आला: शब्दान्तीचा स्वर गळतो. आता उरले 'नोत' आणि 'नोच'. अनेकवचनाचा प्रत्यय नाहीसा झाला, पण त्याची खूण व्यंजनात राहिली. हेच दोन नियम उलट क्रमाने लावले तर दोन्ही रूपे 'नोत' होतील आणि एकवचन-अनेकवचनाचा भेदच संपेल. मग त्या भाषेला 'पुष्कळ' यासारखा एखादा शब्द जोडून नवी सोय करावी लागेल. अशा रीतीने एका बदलातून दुसरा संभवत जातो.

इंग्रजीतील 'फूट' आणि 'फीट' ही जोडी अशाच, गळून गेलेल्या 'इ'काराची देणगी आहे. मराठीतही 'त्याचा' आणि 'त्याची' हे शब्द सावकाश उच्चारून पाहावेत. अक्षर एकच, पण 'ई' येताच 'च'चा उच्चार पालटतो.

टोल्कीन यांनी हीच पद्धत अवलंबिली. फिनिश भाषेच्या मोहातून त्यांची 'क्वेन्या' आकाराला आली, तर वेल्शच्या नादमाधुर्यातून 'सिंदारिन'. दोन्ही एकाच मूळ भाषेच्या कन्या. सूर्याला क्वेन्यात 'अनार', सिंदारिनमध्ये 'अनोर'. चंद्राला एकीत 'इसिल', दुसरीत 'इथिल'. पुढे १९९६ मध्ये न्यूझीलंडमधील एका हौशी रचनाकाराने 'ब्रिथेनिग' घडवली. ब्रिटनमध्ये लॅटिन रुजली असती आणि वेल्शच्या वाटेने बदलत गेली असती तर काय झाले असते, या प्रश्नाचे ते उत्तर होते. अलीकडे या छंदाला व्यवसायाचीही जोड मिळाली आहे. 'गेम ऑफ थ्रोन्स' या २०११ मध्ये सुरू झालेल्या मालिकेतील दोथ्राकी भाषा डेव्हिड पीटरसन यांनी सिद्ध केली. त्या लोकांचे नावच 'घोड्यावर स्वार होणे' या क्रियापदापासून साधलेले आहे.

उच्चार आणि माणसे

भाषा केवळ ध्वनींची नसते, ती माणसांची असते. टोल्कीन यांनी १९६८ च्या सुमारास लिहिलेल्या एका टिपणात याचे मार्मिक दर्शन घडते. क्वेन्या बोलणाऱ्या समाजात 'थ'चा 'स' होऊ लागतो. राजपुत्र फेआनोर याच्या दिवंगत आईच्या नावात 'थ' असतो आणि तो तसाच उच्चारला जावा असा तिचा आग्रह असतो. त्यामुळे 'स' म्हणणारा प्रत्येक जण मुलाला आईचा अवमान करणारा वाटतो आणि एका व्यंजनावरून राजघराण्यात तट पडतात. 'पाणी' आणि 'पानी' यांवरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या समाजाला हे अतिशयोक्त वाटू नये.

जगातील अनेक बोली अस्तंगत होत असताना नव्या भाषा कशाला घडवायच्या, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद परिसरात बोलल्या जाणाऱ्या निहाली भाषेचे कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी निश्चित नाते जुळत नाही आणि तिचे भाषक मोजकेच उरले आहेत. ती गेली तर तिची जागा कोणतीही रचलेली भाषा घेऊ शकणार नाही. रचलेल्या भाषेमागचा इतिहास कल्पित असतो. निहालीमागे पिढ्यान्‌पिढ्या जगलेली माणसे आहेत.

तथापि, हे अंतर रचनाकाराइतके कोणाला कळत असेल? दहा वर्षे खपून त्याच्या हाती काही हजार शब्द लागतात, आणि कोणतेही मूल त्याहून कितीतरी गुंतागुंतीची भाषा न शिकवता आत्मसात करते. 'जातो'चे भूतकाळी रूप 'गेला' का, हा प्रश्न मराठी माणसाला सहसा पडत नाही. एक रूप संस्कृत 'या' धातूकडून आले, दुसरे 'गम्' धातूपासून बनलेल्या 'गत'कडून, आणि दोघांनी एकत्र संसार मांडला. 'हात' वारशाने मिळाला, 'हस्ताक्षर' संस्कृतातून पुन्हा उचलले, तर 'दस्तऐवज' फारसीतून आला. आणि त्यातला 'दस्त' म्हणजेही हातच, 'हस्त'चा दूरचा भाऊबंद. असा एक शब्दसमूह कल्पनेने उभा करायला रचनाकाराला महिने लागतात.

म्हणूनच या छंदाचा खरा लाभ नव्या भाषेत नसून जुन्या भाषेकडे पाहण्याच्या दृष्टीत आहे. ज्याने एकदा स्वतः अपवाद घडवून पाहिला, तो इतरांच्या बोलीतील वेगळ्या रूपाला 'अशुद्ध' म्हणण्यापूर्वी, ते कोठून आले असावे, याचा विचार करू लागतो.