विद्यालयाचीही परीक्षा

विद्यार्थ्याची परीक्षा आपल्या परिचयाची आहे. विद्यालयाची तितकीशी नाहीं. आनुवंशिक रोगांच्या निदानांत ही दुसरी परीक्षा फार मोलाची ठरते. प्रयोगशाळा जनुकें तपासून अहवाल देते. त्याचा अर्थ कुटुंबास उलगडून सांगतो तो आनुवंशिकी-समुपदेशक. अहवालांत कित्येकदां एखादा बदल 'अनिश्चित अर्थाचा' म्हणून नोंदलेला असतो. त्यालाच कर्करोगाचें बीज समजून एखाद्या स्त्रीनें शस्त्रक्रिया करून घेतली, तर गमावलेला अवयव तिला कोण परत देणार?

अमेरिकेंत या समुपदेशनाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम सारा लॉरेन्स कॉलेजांत १९६९ मध्यें निघाला. १९९३ मध्यें समुपदेशकांचें स्वतंत्र मंडळ स्थापन झालें. तें उमेदवारांची परीक्षा घेई आणि अभ्यासक्रमांस मान्यताही देई. पुढें मान्यतेचें काम वेगळ्या परिषदेकडे गेलें, हें माझ्या मतें योग्यच झालें. मान्यता नसलेल्या अभ्यासक्रमाच्या पदवीधरास तेथें मंडळाच्या परीक्षेस बसतांच येत नाहीं.

मान्यता देतांना इमारत पाहून भागत नाहीं. तपासनीस यावयाच्या आधीं भिंतींना चुना लावण्याची कला कोणत्या शाळेस अवगत नसते? येथें पाहतात तें निराळेंच. अनुभवी समुपदेशकाच्या देखरेखीखालीं प्रत्येक विद्यार्थ्यानें निदान ५० भेटींत स्वतः भाग घेतलेला असावा लागतो. कोपऱ्यांत बसून नुसतें ऐकलेलें त्यांत धरीत नाहींत. अशुभ वार्ता सांगतांना शब्द कोठें थांबवावा, हें पुस्तकांतून येत नाहीं. शिवाय ही मान्यता ठराविक मुदतीचीच असते. मुदत सरली कीं विद्यालयास पुन्हा तपासणीस उभें राहावें लागतें.