इन्शुलिनची सुरुवात : दुष्परिणामांची ओळख आणि उपाय

“आता इन्शुलिन सुरू करावे लागेल,” असे डॉक्टरांनी सांगताच मधुमेहाचा रुग्ण व त्याचे कुटुंबीय पुष्कळदा खचून जातात. इन्शुलिन म्हणजे आजाराची शेवटची पायरी, त्याने डोळे जातात, एकदा सुई लागली की ती सुटत नाही, अशा समजुती समाजात रुजलेल्या आहेत. त्यामुळे कोणी उपचार लांबणीवर टाकतो, तर कोणी पहिल्या काही दिवसांतील त्रासाने घाबरून इंजेक्शन परस्पर बंद करतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. ही संख्या पाहता इन्शुलिनच्या दुष्परिणामांची नेमकी माहिती गावोगावी असणे अगत्याचे आहे.

इन्शुलिन हा स्वादुपिंडात तयार होणारा स्राव होय. रक्तातील साखर पेशींपर्यंत पोचविण्याचे कार्य तो करतो. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीर इन्शुलिन जवळजवळ तयारच करीत नाही. अशा रुग्णास, मग तो शाळकरी मूल का असेना, इन्शुलिनवाचून जगता येत नाही. दुसऱ्या प्रकारात गोळ्यांनी साखर आटोक्यात येईनाशी झाली, किंवा शस्त्रक्रिया, गरोदरपण, गंभीर आजार असे प्रसंग आले, की इन्शुलिन द्यावे लागते. अशा प्रसंगी सुरू केलेले इन्शुलिन पुढे बंदही करता येते. मात्र तो निर्णय डॉक्टरांचा असतो.

दुष्परिणामांचा प्रश्न या औषधाइतकाच जुना आहे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लेनर्ड टॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलास पहिले इंजेक्शन देण्यात आले, तेव्हा अर्क अशुद्ध असल्याने टोचल्या जागी गळू झाले. संशोधकांनी उपचार सोडून दिला नाही. जेम्स कॉलिप यांनी अर्क अधिक शुद्ध केला आणि त्याच महिन्यात तो मुलास लागू पडला. त्रासाचे कारण शोधून ते दूर करावे, औषध टाकू नये, हा धडा आजही लागू आहे.

रक्तशर्करा कमी होणे

इन्शुलिनचा सर्वांत महत्त्वाचा दुष्परिणाम म्हणजे रक्तातील साखर प्रमाणाबाहेर उतरणे. ती दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास तातडीने उपाय करावा लागतो. हात थरथरणे, दरदरून घाम, छातीत धडधड, एकाएकी लागलेली कडक भूक ही पहिली लक्षणे होत. पुढे बोलणे अडखळते, वागणे विसंगत होते, रुग्ण चिडतो किंवा झोपाळतो. वेळीच उपाय न झाल्यास तो बेशुद्ध पडतो. अशा माणसाने मद्यपान केले आहे असा गैरसमज होण्याचा संभव असतो. रात्री साखर उतरल्यास घामाने कपडे भिजणे, वाईट स्वप्ने पडणे, सकाळी डोके दुखणे या खुणा दिसतात.

कारणे बहुधा साधी असतात : इंजेक्शन घेऊन जेवणास उशीर होणे, उपवास, उलट्या, शेतातील नेहमीपेक्षा अधिक श्रम, मद्यपान अथवा मात्रेतील चूक. उपायही घरातलाच आहे. रुग्ण शुद्धीवर असल्यास तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून लगेच पाजावे. पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी; सोय नसल्यास लक्षणे पाहावीत. फरक न पडल्यास तेवढेच पुन्हा द्यावे. बरे वाटल्यावर थोडी भाकरी किंवा पोळी खावी. लहान मुलांसाठी साखरेचे प्रमाण डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावे. रुग्ण बेशुद्ध असल्यास त्याच्या तोंडात काहीही घालू नये; ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. त्याला कुशीवर वळवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

एकादशी, नवरात्र अथवा रमजानचे उपवास करावयाचे असल्यास मात्रेविषयी डॉक्टरांचा सल्ला आधीच घ्यावा. पूर्वीच्या गोळ्या चालू ठेवावयाच्या की नाहीत, हेही पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

मात्रेतील एक धोका विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आपल्याकडे दर मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन तीव्रतांचे इन्शुलिन मिळते. ४० युनिटच्या सिरिंजचे टोपण बहुधा लाल, तर १०० युनिटच्या सिरिंजचे नारिंगी असते. १०० युनिटचे औषध ४० युनिटच्या सिरिंजने घेतल्यास मात्रा अडीचपट होते. यास्तव बाटलीवरील व सिरिंजवरील आकडा जुळतो की नाही, हे प्रत्येक वेळी पाहावे.

इतर त्रास

बराच काळ वाढलेली साखर झपाट्याने खाली आली, की डोळ्यातील भिंगाचा आकार किंचित बदलून काही आठवडे अंधुक दिसते. इन्शुलिनने डोळे जातात या समजुतीस यामुळे बळ मिळत असावे. साखर स्थिर होईपर्यंत नवा चष्मा करू नये. तथापि मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यास आधीच इजा झालेली असल्यास ती या काळात वाढू शकते. म्हणून नेत्रतपासणी करून घ्यावी व दृष्टी एकाएकी कमी झाल्यास विलंब करू नये.

काहींच्या पायांवर तात्पुरती सूज येते. ती वाढल्यास किंवा दम लागल्यास डॉक्टरांना दाखवावे. लघवीवाटे वाया जाणारी साखर शरीराच्या उपयोगी पडू लागल्याने वजन वाढते. आहार व चालण्याचा व्यायाम यांनी ते आवरता येते. एकाच जागी वारंवार टोचल्यास तेथे चरबीची गाठ होते आणि औषध नीट शोषले जात नाही. यासाठी पोट व मांडी येथील जागा बोटभर अंतराने बदलत राहाव्यात. टोचल्या जागी लाली किंवा खाज आल्यास ती बहुधा काही दिवसांत ओसरते. पण अंगभर पित्त उठणे, चेहरा सुजणे, श्वास कोंडणे ही तातडीने रुग्णालयात जाण्याची लक्षणे होत.

न उघडलेली बाटली शीतकपाटात २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. गोठलेले औषध वापरू नये. शीतकपाट नसल्यास पाण्याने ओलसर ठेवलेल्या मातीच्या भांड्यात, बाटलीस पाणी लागू न देता, ती ठेवता येते.

गाव आणि शाळा यांचे साहाय्य

यातील कोणत्याही त्रासापायी इन्शुलिन परस्पर थांबविणे घातक ठरते. पहिल्या प्रकारच्या रुग्णाच्या रक्तात तर अल्पावधीत आम्ल साचून प्राणावर बेतू शकते. ताप आला, जेवण कमी झाले तरी इन्शुलिन बंद न करता डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यावी.

साखर उतरलेल्या माणसास स्वतःला सावरणे पुष्कळदा शक्य नसते. तेव्हा शेजारी कोण आहे, यावर सारे अवलंबून राहते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेच्या वेळी खाद्यपदार्थ जवळ ठेवण्यास अनुमती दिली, ती याच जाणिवेतून. प्रत्येक वर्गशिक्षकास आपल्या वर्गातील अशा विद्यार्थ्याची माहिती असावी आणि शाळेच्या कपाटात साखरेची पुडी असावी. ग्रामसभेत आरोग्यसेवकाकडून ही लक्षणे समजावून देता येतील. कार्यालयात इन्शुलिन घेणाऱ्या कर्मचाऱ्यास वेळेवर जेवता यावे, याकडे वरिष्ठांनी लक्ष पुरवावे. या व्यवस्थेस स्वतंत्र निधी लागत नाही. तीन चमचे साखर कोणत्याही घरात असते. ती केव्हा द्यावयाची, एवढे मात्र शेजाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.