मोटारींतील कुबट वास आणि त्याचा परिहार

पावसाळ्याचे चार महिने ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील प्रत्येक घरांत एका शत्रूशीं झुंज चाललेली असते. हा शत्रु म्हणजे ओल. या प्रदेशांत वर्षाकाठीं अडीच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यांतील बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर एवढ्या अवधींत पडतो. कपाटांतील पुस्तकांवर बुरशीची पांढुरकी छटा येते, चामड्याचे जोडे हिरवट दिसूं लागतात आणि पापडांचा डबा उन्हाची वाट पाहत बसतो. गृहिणीस या शत्रूचीं सर्व पावलें ओळखीचीं असतात. परंतु हाच शत्रु घराखालीं उभ्या असलेल्या मोटारींत शिरतो, तेव्हां मात्र त्यास ओळखण्यांत भल्याभल्यांची चूक होते.

डोंबिवलींतील एखाद्या कुटुंबाचें उदाहरण घ्यावें. त्यांची मोटार इमारतीच्या तळाशीं खांबांच्या सांवलींत उभी असते. ऊन तिला लागतच नाहीं. सकाळीं गृहस्थ मोटार बाहेर काढतात, एसी सुरू करतात, आणि पहिल्याच झुळुकेसरशीं मागें बसलेली आजी पदर नाकाशीं धरते. "अरे, गाडींत ओला पंचा राहिला आहे का कुठें?" असें ती विचारते. नातवास दम्याचा विकार आहे. तो खोकूं लागतो. दोन-तीन मिनिटांत वास मंदावतो आणि विषय मागें पडतो. संध्याकाळीं गृहस्थ बाजारांतून एक सुगंधी डबी आणून आरशाखालीं टांगतात. दुसऱ्या दिवसापासून मोटारींत दोन वास येऊं लागतात. एक गुलाबाचा आणि दुसरा पंच्याचा. नातवाचा खोकला होता तेथेंच राहतो.

खरें पाहतां आजीच्या प्रश्नांतच उत्तर दडलेलें होतें. मोटारींत ओला पंचा असतोच. तो कोठें असतो आणि ओला कां राहतो, एवढें उमगलें म्हणजे उपाय आपोआप सुचतात.

वातानुकूलनाचें आधुनिक यंत्र माणसांस गारवा मिळावा म्हणून जन्मास आलें, अशी सामान्य समजूत आहे. ती बरोबर नाहीं. १९०२ सालीं न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागांतील एका छापखान्यांत हवेच्या दमटपणामुळें कागद कधीं फुगे, कधीं आखडे, आणि छपाईंत एक रंग दुसऱ्या रंगावर नीट बसत नसे. ही अडचण दूर करण्याकरितां विलिस कॅरिअर नांवाच्या तरुण इंजिनियरानें थंड नळ्यांवरून हवा नेऊन तिच्यांतील पाणी काढून घेण्याची योजना आंखली. गारवा हा त्या योजनेचा जोडलाभ होता. पुढें १९३९ सालीं अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें असें यंत्र आपल्या मोटारींत बसवून लोकांपुढें मांडलें. तात्पर्य, हवेंतून पाणी काढणें हा या यंत्राचा मूळ धर्म आहे, आणि कुबट वासाचें मूळही त्याच धर्मांत आहे.

चालकासमोरच्या फळीमागें एक बंद पेटी असते. तींत बारीक नळ्या आणि त्यांना जोडलेले ॲल्युमिनियमचे अगदीं पातळ पत्रे दाटीवाटीनें बसविलेले असतात. कारागीर या भागास 'कूलिंग कॉइल' म्हणतात. एसी चालूं असतां ही कॉइल गोठणबिंदूच्या थोडीच वर, कांहीं अंश उष्णतेवर असते. पंखा हवा ओढतो व ती या पत्र्यांमधून ढकलतो. पुढें काय होतें तें पाहण्यास प्रयोगशाळा नको. पावसाळ्यांत स्टीलच्या पेल्यांत बर्फाचें पाणी ओतावें. क्षणार्धांत पेल्यास बाहेरून घाम येतो. कॉइलला येणारा घाम याच जातीचा असतो, मात्र त्याचें प्रमाण फार मोठें असतें. ३० अंश सेल्सिअस उष्णतेच्या एक घनमीटर हवेंत फार तर ३० ग्रॅम पाण्याची वाफ मावते. १० अंशांवर त्याच हवेंत सुमारें साडेनऊ ग्रॅमच मावते. जुलै महिन्यांतील हवेंत मावूं शकेल त्याच्या चार-पंचमांश वाफ, म्हणजे २४ ग्रॅम, आहे असें धरलें, तर दर घनमीटरामागें सुमारें १५ ग्रॅम पाणी कॉइलवर उतरतें. अशी शंभर घनमीटर हवा यंत्रांतून गेली कीं दीड लिटर पाणी जमलें.

हें पाणी पेटीच्या तळाशीं असलेल्या लहानशा नळीवाटे रस्त्यावर ठिबकतें. परंतु सर्वच पाणी निघून जात नाहीं. मोटार थांबते त्या वेळीं पत्र्यांच्या फटींत पाण्याचा थर तसाच राहतो. त्याच्या जोडीला रस्त्यावरची धूळ, कपड्यांचे तंतु आणि माणसांच्या त्वचेचा सूक्ष्म भुसा चिकटलेला असतो. ओल, अंधार व अन्न हीं तिन्हीं एकत्र आलीं कीं बुरशीस आणि जंतूंस आणखी काय हवें? त्यांचा बुळबुळीत पापुद्रा पत्र्यांवर धरतो. त्यांतून निघणारे वायु बंद पेटींत कोंडून राहतात आणि पंखा सुरू होतांच एकदम नाकावर येतात. म्हणूनच पहिली झुळूक सर्वांत घाण असते, आणि थोड्या वेळानें वास कमी झाल्यासारखा वाटतो. वास कमी झाला म्हणून पापुद्रा मात्र गेलेला नसतो.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवावी. धडधाकट माणसास हा वास केवळ त्रासदायक असतो; परंतु दमेकऱ्यास किंवा ॲलर्जी असलेल्या व्यक्तीस बुरशीचे बीजकण अपाय करूं शकतात. १९८१ सालीं 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकांत मोटारीच्या दूषित एसीमुळें फुप्फुसांचा दाह झाल्याची हकीकत प्रसिद्ध झाली होती. असे प्रकार विरळ असतात. भिऊन जाण्याचें कारण नाहीं. तथापि घरांतील मूल केवळ मोटारींत बसल्यावरच खोकत असेल, तर तें वैद्यांस अवश्य सांगावें आणि मोटारीकडेही पाहावें.

आपल्या भागांत ही व्याधि अधिक कां, याचीं कारणें आपल्या राहणींत आहेत. पुष्कळ मोटारी घर ते रेल्वे स्टेशन एवढाच प्रवास करतात. दहा मिनिटें एसी चालतो, कॉइल चिंब होते आणि मोटार दिवसभर सांवलींत उभी राहते. कल्याण-शिळ रस्त्यावर किंवा घोडबंदर रस्त्यावर वाहनांची कोंडी झाली कीं कांचा घट्ट लावून घ्याव्या लागतात. डोंबिवलीच्या औद्योगिक भागांतून जातांना बाहेरचा दर्प नको म्हणून चालक आंतलीच हवा फिरविण्याचें बटण दाबतो. तें त्या क्षणीं योग्यच असतें. पण पुढें तें बटण सोडण्याची आठवण राहत नाहीं. मग प्रवाशांच्या श्वासांतील आणि भिजलेल्या छत्र्यांतील ओल आंतल्या आंत फिरत राहते. शिवाय श्वासांतील कार्बन डायऑक्साइड सांचून चालकास जडपणा व झांपड येते, तो तोटा वेगळाच.

उपायापूर्वीं निदान करावें. पहिली परीक्षा फिल्टरची. बहुतेक मोटारींत आसनापुढील सामानाच्या खणामागें हवा गाळणारा एक घडीदार कागदी फिल्टर असतो. तो काढून उजेडांत पाहावा. काळवंडला, ओलसर झाला किंवा त्यांत पालापाचोळा अडकला असेल, तर झटकून परत न बसवितां नवाच घालावा. वर्षांतून एकदां, शक्यतों पावसाळा संपतांच, तो बदलण्याचा नेम ठेवावा. या जागेंत कधीं उंदरांचें घरटेंही सांपडतें. तसें आढळल्यास हातमोजे घातल्यावांचून हात लावूं नये; पावसाळ्यांत उंदरांच्या मूत्रावाटे लेप्टोस्पायरोसिस हा रोग पसरतो.

दुसरी परीक्षा पाण्याच्या नळीची. दमट दिवशीं वीस मिनिटें एसी चालवून मोटार कोरड्या जागेवर उभी करावी. पुढच्या भागाखालीं स्वच्छ पाण्याचें थारोळें दिसलें पाहिजे. तें दिसलें नाहीं आणि पायांखालचा गालिचा मात्र ओला लागला, तर नळी चोंदली आहे असें समजावें. कारागिराकडून ती मोकळी करून घेणें हें अगदीं किरकोळ काम आहे. तें टाळल्यास सर्व पाणी मोटारींतच मुरतें.

तिसरी परीक्षा गालिच्याची. त्याखालील जाड नमदा वरून कोरडा लागला तरी आंतून ओला असूं शकतो. २६ जुलै २००५ च्या महापुरासारख्या प्रसंगीं ज्या मोटारींत पाणी शिरतें, त्यांचा वास एसी कितीही धुतला तरी जात नाहीं, याचें कारण हेंच. अशा वेळीं आसनें काढून गालिचा पूर्ण उचलावा आणि वाळवावा. दुसरा इलाज नाहीं.

चौथी परीक्षा नाकाची. वास ओल्या कपड्यासारखा किंवा आंबट असेल तर तो कॉइलचा. गोडसर वास येऊन कांचेवर आंतून चिकट धुकें धरत असेल तर इंजिन थंड ठेवणारें द्रव्य गळत असण्याचा संभव आहे. पेट्रोलचा किंवा जळक्या रबराचा वास आला तर मोटार ताबडतोब बाजूस थांबवून सर्वांनीं खालीं उतरावें. तो प्रश्न स्वच्छतेचा नव्हे, जीविताचा आहे.

आतां मुख्य उपाय. मुक्कामास पोंचण्यापूर्वीं चार-पांच मिनिटें एसीचें बटण बंद करावें, पंखा मात्र मोठ्या वेगानें चालूं ठेवावा आणि बाहेरची हवा आंत घ्यावी. कॉइल तापत येते आणि तिच्यावरचें पाणी उडूं लागतें. या उपायास दमडीचाही खर्च नाहीं. मात्र ऐन पावसांत बाहेरची हवा स्वतःच ओलीगच्च असल्यामुळें एवढ्यानें कॉइल पूर्ण सुकत नाहीं. त्याकरितां आठवड्यांतून एकदां मोटार उघड्या जागीं उभी करून एसी बंद व हीटर पूर्ण चालूं ठेवावा. या वेळीं आंतली हवा फिरविण्याचें बटण दाबावें आणि कांचा थोड्या उघड्या ठेवाव्या. याचें कारण असें कीं, बहुतेक मोटारींत हवा आधीं कॉइलवरून आणि मग हीटरवरून जाते. बाहेरची हवा घेतली तर कॉइलवर गार हवाच येते. आंतली तापलेली हवा फिरविली तरच ती कॉइलपर्यंत पोंचते, आणि ओल उघड्या कांचांवाटे बाहेर पडते. दहा मिनिटें पुरेत. हा उद्योग बंद गॅरेजांत कदापि करूं नये. इंजिनाच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नसतो, आणि तो प्राण घेतो.

पापुद्रा जुना व जाड झाला असेल तर केवळ वाळवून भागत नाहीं. कॉइल धुण्याचा खास फेस मिळतो. तो कॉइलवरच पडला पाहिजे, हवेच्या झरोक्यांत फवारून उपयोग नाहीं. तो पत्र्यांवर मुरूं देऊन नळीवाटे वाहून जाऊं द्यावा. हें काम जाणत्या कारागिराकडून करवून घ्यावें. फिनेल किंवा कपडे पांढरे करण्याचें ब्लीच घरच्या घरीं आंत ओतूं नये. ब्लीचनें ॲल्युमिनियम खातें, आणि त्यांची वाफ प्रवाशांच्याच छातींत जाते. कांहीं ठिकाणीं ओझोन वायु सोडून वास मारतात. ओझोन फुप्फुसांस घातक आहे. त्या वेळीं मोटारींत कोणी बसूं नये, आणि नंतर दारें उघडीं टाकून हवा पूर्ण खेळूं द्यावी. शिवाय ओल कायम असेल तर चार आठवड्यांत बुरशी पुन्हां हजर होते. संपूर्ण पेटी उघडून कॉइल बाहेर काढणें हा शेवटचा उपाय; तो खर्चाचा असतो, आणि वरील सर्व परीक्षा झाल्यावांचून त्यास कोणी संमति देऊं नये.

सुगंधी डबीविषयीं काय म्हणावें? तिच्यानें वास झांकला जातो, कारण मात्र कायम राहतें. किंबहुना तिच्यांतील उग्र द्रव्यें दमेकऱ्यास आणखी एक त्रास देतात. वास हा यंत्राचा निरोप आहे. आंत पाणी साठलें आहे, त्यास वाट द्या, एवढेंच तें यंत्र सांगत असतें. निरोप्याच्या तोंडावर हात ठेवल्यानें निरोप खोटा ठरत नाहीं.

त्या आजीला कॉइल कशास म्हणतात हें ठाऊक नसेल. परंतु पंचा पिळून दांडीवर वाऱ्याला पसरला तर त्याला वास येत नाहीं, आणि तोच बोळा करून कोपऱ्यांत टाकला तर दुसऱ्या दिवशीं हातीं धरवत नाहीं, हें ती साठ वर्षें जाणून आहे. मोटारीच्या एसीचें सारें शास्त्र याहून निराळें नाहीं. मुक्कामाआधींच्या चार-पांच मिनिटांत तो पंचा वाऱ्यावर पसरण्याची संवय गृहस्थांनीं लावून घेतली, तर पदर नाकाशीं नेण्याची पाळी आजीवर येणार नाहीं, आणि नातवास मोकळा श्वास घेतां येईल.