जर्मन भाषा आणि जर्मन राष्ट्र

एकाच लोकसमूहाला शेजाऱ्यांनीं इतकीं निरनिराळीं नांवें दिल्याचें उदाहरण युरोपांत क्वचितच सांपडेल. इंग्रज ज्यांना ‘जर्मन’ म्हणतात, त्यांना फ्रेंच लोक ‘आलमां’ म्हणतात आणि फिनलंडांत त्यांच्या देशाला ‘साक्सा’ हें नांव आहे. पहिलें नांव रोमन लेखकांनीं रूढ केलें; दुसरें आलेमानी व तिसरें सॅक्सन या जमातींवरून पडलें. खुद्द ते लोक मात्र स्वतःस ‘डॉइच्’ म्हणवितात. हा शब्द ना जमातीचा, ना प्रदेशाचा, ना राजघराण्याचा. तो मूळचा भाषेचा शब्द आहे. जर्मन इतिहासाचें मर्म त्यांतच सांठविलेलें आहे.

इ. स. ९ मध्यें आर्मिनियसच्या नेतृत्वाखालीं कांहीं जमातींनीं ट्यूटोबर्गच्या अरण्यांत तीन रोमन पलटणींचा फडशा पाडला. पुढें इ. स. ९८ च्या सुमारास टॅसिटसनें ‘जर्मानिया’ हा ग्रंथ लिहून ऱ्हाईनपलीकडील जमातींचें वर्णन केलें. परंतु या सर्वांचें मिळून एक राष्ट्र आहे, ही भावना त्या जमातींत नव्हती. आर्मिनियसचा अंत त्याच्या आप्तांच्याच हातून झाला.

भाषेचा प्रवास याहून जुना आहे. संस्कृतांतील ‘पितृ’ व ‘त्रि’ यांचीं भावंडें इंग्रजींत ‘फादर’ व ‘थ्री’ अशीं आढळतात. मूळच्या ‘प’चा ‘फ’ होणें, हें सर्व जर्मानिक भाषांना समान असलेलें वर्णपरिवर्तन होय. त्याचा नियम याकोब ग्रिमनें १८२२ मध्यें सविस्तर मांडला. यानंतर कित्येक शतकांनीं दक्षिणेकडील डोंगराळ मुलखांत दुसरें परिवर्तन झालें. इंग्रजींत ‘ॲपल’, ‘वॉटर’, ‘मेक’ हे शब्द जुन्या व्यंजनांसह राहिले. जर्मनमध्यें त्यांचे ‘आप्फेल’, ‘वासर’, ‘माखेन’ असे जोडीदार झाले. उत्तरेच्या सखल प्रदेशांत हें परिवर्तन पोंचलें नाहीं, म्हणून तेथील बोली वेगळ्या राहिल्या.

‘डॉइच्’ या शब्दाच्या मुळाशीं ‘लोक’ या अर्थाचा जुना शब्द आहे. विद्वानांची भाषा लॅटिन आणि सामान्यजनांची ती ‘लोकांची’, असा हा भेद होता. संस्कृताच्या मानानें ‘प्राकृत’ म्हणावें, तसाच. या शब्दाचा लॅटिन वेषांतील पहिला ज्ञात उल्लेख ७८६ सालचा असून तो इंग्लंडमधील धर्मसभेच्या वृत्तांतांत आहे, हें विशेष! ८४२ मध्यें शार्लमेनचे दोन नातू, लुडविग व चार्लस्, यांनीं वडील भाऊ लोथारविरुद्ध स्ट्रासबुर्ग येथें शपथा घेतल्या. एकमेकांच्या सैन्याला कळावें म्हणून जर्मन लुडविगनें रोमान्स भाषेंत आणि चार्लस्नें जर्मन भाषेंत शपथ उच्चारली. पुढल्याच वर्षीं व्हर्दूंच्या तहानें साम्राज्याचे तीन वांटे झाले.

तरीही लेखनाची एक भाषा नव्हती. ती घडविण्यांत मार्टिन ल्यूथरचा वांटा फार मोठा. त्याचा ‘नवा करार’ १५२२ मध्यें व संपूर्ण बायबल १५३४ मध्यें प्रसिद्ध झालें. सॅक्सनीच्या दरबारी लेखनपद्धतीला त्यानें बाजारांतल्या व माजघरांतल्या बोलण्याचा जिवंतपणा दिला आणि छापखान्यानें ती भाषा घरोघर पोंचविली. देश मात्र शेंकडों संस्थानांत विभागलेलाच राहिला. १८०६ मध्यें जुनें साम्राज्यही लयास गेलें. पुढें १८०७-०८ च्या हिवाळ्यांत बर्लिन फ्रेंच फौजांच्या ताब्यांत असतां तत्त्ववेत्ता फिश्ट यानें तेथें व्याख्यानें देऊन राष्ट्राचा आधार भाषेंत शोधला. राज्य नव्हतें, तेव्हां भाषाच मातृभूमि झाली.

१८७१ मध्यें व्हर्सायच्या राजवाड्यांत जर्मन साम्राज्याची घोषणा झाली. पण त्याची सीमा भाषेनें नव्हे, बिस्मार्कच्या युद्धांनीं आंखली होती. जर्मन बोलणारा ऑस्ट्रिया बाहेर राहिला. पोलिश व डॅनिश बोलणारे आंत आले. एकभाषिकांना एका सत्तेखालीं आणण्याच्या नांवाखालीं हिटलरनें १९३८ मध्यें ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि १९४५ पर्यंत युरोपची राखरांगोळी झाली. १९४९ मध्यें जर्मनीचीं दोन राज्यें झालीं, तीं ३ ऑक्टोबर १९९० रोजीं पुन्हा एक झालीं. ऑस्ट्रिया व बहुतांश स्वित्झर्लंड आजही जर्मन बोलतात, आणि सुखानें वेगळे नांदतात. भाषेनें या लोकांना नांव दिलें, परस्परांची ओळख दिली. कुंपण घालण्याचें काम मात्र तिचें नव्हे. तें तिच्यावर लादलें गेलें, तेव्हां त्याची किंमत सर्व युरोपाला मोजावी लागली.