रिकामा रकाना

मावशीच्या केसपेपरवर नाव, वय, बीपी, शुगर सगळं नीट भरलेलं होतं. ‘वजन’ या शब्दापुढे मात्र नुसती आडवी रेघ. आतड्याच्या शस्त्रक्रियेसाठी ती पुण्यातल्या एका रुग्णालयात अठरा दिवस होती. वॉर्डात वजनकाटा होता, पण त्यावर फायलींचा गठ्ठा ठेवलेला असे. घरी न्यायला गेलो त्या दिवशी तिनं केस सारखे करायला हात वर केला आणि बांगड्या खळकन कोपरापर्यंत घसरल्या.

१९७४ साली चार्ल्स बटरवर्थ या अमेरिकी डॉक्टरांनी एक खरमरीत लेख लिहिला. रुग्णालयाच्या कपाटात सांगाडा दडलेला आहे, अशा अर्थाचं त्याचं शीर्षक होतं, आणि सांगाडा म्हणजे उपाशी रुग्ण. पुढे १९९४मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथं दाखल होणारे ५०० रुग्ण तपासले, तर त्यांतले २०० आधीच कुपोषित निघाले. त्या दोनशेंपैकी निम्म्यांच्याही कागदपत्रांत पोषणाबद्दल एक ओळ नव्हती. श्रीमंत देशाची ही गत.

आजारच माणसाला खातो, हे खरं. जंतुसंसर्ग, कर्करोग, मोठी जखम यांत शरीर स्वतःचेच स्नायू मोडून इंधन करतं आणि भूकही मारतं. पण उरलेला हातभार आपण लावतो. मावशीची सोनोग्राफी सकाळी नऊला होती, म्हणून रात्रीपासून पाणीही बंद. नंबर लागला दीड वाजता. तोवर जेवणाचं ताट येऊन परत गेलं होतं. दुसऱ्या दिवशी एंडोस्कोपी, पुन्हा तेच. भूल द्यायची असली तरी हलकं खाणं सहा तास आणि साधं पाणी दोन तास आधी थांबवलं की बहुतेक रुग्णांना पुरतं, असं भूलशास्त्राचे आजचे नियम सांगतात. वॉर्डात मात्र ‘रात्री बारानंतर काही नाही’ हा जुना शिरस्ता हलत नाही.

‘सलाईन चालू आहे ना, मग ताकद मिळतेय,’ असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे शंभराच्या आतच कॅलरी. नॉर्मल सलाईनमध्ये तर शून्य. आणि तोंडानं सुरू झालं की आपलं पथ्य आडवं येतं: वरणाचं पाणी, भाताची पेज, फार तर मेतकूट. पन्नास किलोच्या आजारी माणसाला दिवसाला साठेक ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यातून सहा मिळतात, कपभर दुधातून तेवढीच. पेजेचा हिशेब न केलेला बरा. बाहेरच्या डब्याला जिथं मनाई असते, तिथं घरची खिचडीही गेटवर अडते.

स्नायू फक्त दंडात नसतात, श्वासाचाही स्नायूच असतो. तो दुबळा झाला की खोकला जोरात येत नाही, कफ साठतो, न्यूमोनिया होतो. टाके भरायला वेळ लागतो, पाठीला जखमा होतात, मुक्काम लांबतो आणि बिलही. उलट, नीट खाऊ घातल्यानं काय होतं तेही मोजून झालंय. २०१९मध्ये स्वित्झर्लंडच्या आठ रुग्णालयांतला दोन हजारांवर रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्येकाच्या गरजेनुसार आहार आखला त्या गटात महिनाभरात ७ टक्के दगावले, नेहमीचं जेवण मिळालेल्या गटात १० टक्के.

मग ओळखायचं कसं? रक्तातलं अल्ब्युमिन पाहून, असं बरीच वर्षं मानलं गेलं. पण कुठल्याही मोठ्या दाहात ते खाली येतं, माणूस भरपेट जेवत असला तरी. टोरांटोत १९८०च्या दशकात डॉक्टरांच्या एका गटानं उलटी वाट धरली: रुग्णाला विचारा आणि हातानं तपासा. गटातलं एक नाव खुर्शीद जीजीभॉय. वाचताना आपले कान टवकारतातच. सहा महिन्यांत वजन किती उतरलं, जेवण निम्म्यावर आलं का, उलट्या-जुलाब किती दिवस, चालणं-फिरणं कमी झालं का. मग दंडावरची चरबी, खांद्याचे स्नायू, घोट्यावरची सूज. यंत्र लागत नाही, दहा मिनिटं लागतात.

नुसता काटा तरी कुठे पुरतो? हे पुण्यानंच दाखवून दिलंय. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा जोडफोटो २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. तो मुद्दा मधुमेहाचा होता. मला त्यात वॉर्डातला धोकाही दिसतो. आपल्याकडचा ‘बरा दिसणारा’ रुग्ण मुळातच कमी स्नायू घेऊन खाटेवर येतो. गंगाजळी लहान, त्यामुळे ती लवकर आटते. शिवाय पायावर सूज असेल तर काटा पाण्याचंच वजन दाखवतो.

घरी आणल्यावर मावशीला भरपूर चारायचं आम्ही ठरवलं होतं. ओळखीच्या आहारतज्ज्ञ बाईंनी थांबवलं. बरेच दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम खाऊ घातलं तर रक्तातलं फॉस्फेट कोसळून हृदयावर बेतू शकतं. आधी रक्त तपासा, मग बेतानं वाढवा, म्हणाल्या. त्याप्रमाणे आधी तपासणी, मग थोडं थोडं दूध, मऊ खिचडीत जास्तीची डाळ, आठवड्यानं अंडं. अंड्याला मावशीनं नाक मुरडलं, पण खाल्लं.

बांगड्या मात्र तिनं काढू दिल्या नाहीत. मनगटाशी लाल दोरा गुंडाळून अडकवून ठेवल्या. पुढच्या महिन्यात तपासणीला गेलो, तेव्हा दोऱ्याचे तीन वेढे सुटले होते, दोन बाकी होते. काट्यावरच्या फायली मी स्वतः उचलून खाली ठेवल्या.