नकाशावरील शेत आणि तक्त्यातील नोंद

जमिनीची ओळख दोन ठिकाणी लिहिलेली असते. एक नकाशात आणि दुसरी दप्तरात. शेत कोठे आहे व त्याचा आकार कसा आहे हे नकाशा दाखवितो. ते कोणाचे, किती क्षेत्राचे, त्याची माती कोणत्या प्रतीची, त्यात विहीर आहे किंवा नाही, हे दप्तर सांगते. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे शेताचा क्रमांक होय. हा दुवा चुकला तर नकाशा खरा आणि दप्तरही खरे असूनसुद्धा त्यांतून निघणारे उत्तर खोटे ठरते. आज गावोगावचे नकाशे संगणकावर येत असता ही गोष्ट ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने व शेतकऱ्याने नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

काम जुने, साधन नवे

नोंद एका नकाशावरून दुसऱ्या नकाशावर वाहून नेण्याचे काम महाराष्ट्राला नवीन नाही. इ. स. १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी जी पाहणी केली, तीत प्रत्येक शेतास क्रमांक देऊन मातीची प्रत आण्यांत ठरविण्यात आली. ती प्रत त्या क्रमांकापुढे लिहिली गेली. पुढे १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यान्वये ज्या गावांत एकत्रीकरण झाले, तेथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्या वेळी जुन्या क्रमांकापुढील नोंदी नव्या क्रमांकापुढे उतरवून घ्याव्या लागल्या. जेथे ही उतरण बिनचूक झाली तेथे शेतकऱ्यास त्रास पडला नाही. जेथे ती चुकली तेथे दुरुस्तीसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

भौगोलिक माहिती प्रणालीच्या संगणकीय प्रोग्राममध्ये हेच काम काही क्षणांत होते. क्यूजीआयएस हा अशा प्रोग्रामांपैकी एक असून तो विनामूल्य मिळतो. गॅरी शर्मन यांनी २००२ साली त्याचा आरंभ केला आणि आज जगभरचे जाणकार मिळून तो वाढवीत आहेत. त्यात गाव हे थरांनी मांडलेले असते. गटांचा एक थर, नाल्यांचा दुसरा, विहिरींचा तिसरा. थरातील प्रत्येक आकृतीमागे तक्त्याची एक ओळ असते. विहीर हा बिंदू, नाला ही रेषा आणि गट ही बंदिस्त आकृती. आकृती नकाशावर दिसते, ओळ तक्त्यात असते, आणि ओळीतील रकान्यांत तिची माहिती भरलेली असते. एका आकृतीची माहिती दुसऱ्या आकृतीच्या ओळीत नेणे हा या लेखाचा विषय आहे.

एका गावाचे उदाहरण

समजा, एका कोरडवाहू गावाचा गटनकाशा संगणकावर तयार आहे. मृद आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झाली, तेव्हा कोरडवाहू क्षेत्रात दर १० हेक्टरांस व बागायतीत दर अडीच हेक्टरांस मातीचा एक नमुना असे प्रमाण ठरविण्यात आले होते. त्याच प्रमाणात या गावात नमुने घेतले आहेत. प्रत्येक नमुन्याचे स्थान भ्रमणध्वनीवर टिपलेले असून सामू, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश इत्यादी निष्कर्ष तक्त्यात आहेत. नमुना घेतानाच तेथील मातीचा प्रकार व खोलीही लिहून ठेविली आहे. आता हे सर्व प्रत्येक गटापुढे यावयास हवे. शेततळ्यासाठी जागा सुचविणे व खताची मात्रा सांगणे ही दोन्ही कामे त्यावर अवलंबून आहेत. हे काम तीन रीतींनी करता येते.

पहिली रीत : क्रमांकाने सांधणे

निष्कर्षांच्या तक्त्यात गट नंबर लिहिलेला असेल तर दोन्ही तक्ते त्या रकान्यावर सांधता येतात. ही रीत सर्वांत भरवशाची. परंतु संगणक अक्षरास अक्षर लावून पाहतो, अर्थ पाहत नाही. त्यामुळे पुढील चुका नेहमी आढळतात.

एका तक्त्यात देवनागरी अंक व दुसऱ्यात इंग्रजी अंक असतील तर गट जुळत नाहीत. क्रमांकापुढे एखादी मोकळी जागा राहिली तरी तेच होते. एक रकाना संख्येचा व दुसरा अक्षरांचा असल्यासही सांधा बिघडतो. यांहून फसवी चूक हिस्स्याच्या क्रमांकाची. हिशेबाच्या तक्त्यात, म्हणजे एक्सेलसारख्या प्रोग्राममध्ये, १२/१ असे इंग्रजी अंकांत लिहिले की तो त्यास तारीख समजतो आणि हिस्सा नाहीसा होतो. यास्तव क्रमांकाचा रकाना लिहिण्यापूर्वीच अक्षरांचा म्हणून ठरवून ठेवावा.

अनेक गावे एकत्र असतील तर नुसता गट नंबर पुरत नाही, कारण ११८ हा गट प्रत्येक मोठ्या गावात असणारच. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावास सहा अंकी संकेतांक आहे. तो व गट नंबर मिळून एक रकाना करावा आणि त्यावर सांधावे. सांधलेली माहिती प्रथम केवळ दिसण्यापुरती असते. ती कायम हवी असल्यास थर नव्या नावाने जतन करावा. जतन करताना जिओपॅकेज हा प्रकार निवडणे सोयीचे. जुन्या शेपफाइल प्रकारात रकान्याचे नाव इंग्रजी दहा अक्षरांपलीकडे जात नाही आणि देवनागरीत ती मर्यादा आणखी लवकर संपते.

दुसरी रीत : जागेवरून सांधणे

क्रमांक नसेल तर स्थानावरून सांधता येते. नमुन्याचा बिंदू ज्या गटात पडतो, त्या गटास त्याचे निष्कर्ष मिळतात. येथे तीन ठिकाणी सावध राहावे.

एक, भ्रमणध्वनीने टिपलेले स्थान मोकळ्या आकाशाखालीही काही मीटरांनी चुकू शकते. गट अरुंद असेल आणि नमुना बांधाजवळ घेतला असेल, तर बिंदू शेजाऱ्याच्या गटात जाऊन पडतो. म्हणून स्थान टिपताना शेताच्या मध्याकडे उभे राहावे आणि गट नंबरही हाताने लिहून ठेवावा.

दोन, एका गटात दोन बिंदू पडले तर प्रोग्राम त्या गटाच्या दोन आकृती एकावर एक करून देऊ शकतो. डोळ्यांस एकच गट दिसतो, पण क्षेत्राची बेरीज दुप्पट येते. दोन बंदिस्त आकृतींचे थर सांधताना नुसत्या शिवेला लागलेली आकृतीही ‘लागलेली’ म्हणून धरली जाते. अशा वेळी ज्या आकृतीचे सर्वांत अधिक क्षेत्र गटावर पडते तिचीच माहिती घ्यावी, असा पर्याय प्रोग्राममध्ये आहे. तो निवडावा. सांधण्यापूर्वीची व नंतरची आकृतींची संख्या ताडून पाहिल्यास ही चूक लगेच उघडकीस येते.

तीन, दहा हेक्टरांस एक नमुना असल्याने पुष्कळ गटांत बिंदू पडणारच नाही. तेथे सर्वांत जवळच्या बिंदूची माहिती घेण्याची सोय आहे, आणि खरा धोका येथेच आहे. समजा, ११८ हा गट नाल्याच्या अलीकडे माळावर असून त्याची जमीन मुरमाड आहे. नाल्याच्या पलीकडे काळी, खोल जमीन असून तेथे नमुना घेतलेला आहे. अंतराने तोच बिंदू सर्वांत जवळचा. संगणकास नाला दिसत नाही, केवळ अंतर दिसते. तो ११८ पुढे ‘काळी, खोल’ अशी नोंद करून मोकळा होतो. त्या नोंदीवर विसंबून शेततळ्याची जागा सुचविली गेली, तर मुरमात खोदलेल्या तळ्यात अस्तराविना पाणी टिकणार नाही. पावसाळा सरताच तळे कोरडे पडेल आणि शेतकऱ्याचा खर्च मातीत जाईल. तक्त्यातील चूक एका ओळीची, परंतु तिची किंमत त्या कुटुंबाला वर्षानुवर्षे मोजावी लागेल.

म्हणून जवळच्या बिंदूवरून घेतलेल्या माहितीसोबत दोन रकाने अवश्य ठेवावेत. एकात बिंदूचे अंतर, दुसऱ्यात ‘स्वतःचा नमुना’ की ‘शेजारचा नमुना’ हे लिहावे. जेथे शंका असेल तेथे रकाना रिकामा ठेवावा. रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की, तेथे नमुना घेणे अद्याप बाकी आहे.

तिसरी रीत : हाताने वाहून नेणे

काही वेळा निवडक गटांनाच एकसारखी माहिती द्यावयाची असते. क्यूजीआयएसमध्ये अशा आकृती निवडून त्यांपैकी एकीच्या रकान्यांतील माहिती इतरांस देता येते. सोय उपयुक्त, पण बेसावधपणे वापरल्यास घातक. सर्व रकाने एकदम नेले तर गट नंबर, खातेदाराचे नाव व क्षेत्र हीसुद्धा सर्वांना एकच होऊन बसतात. ज्या रकान्याची गरज आहे तेवढाच न्यावा व बाकीचे वगळावेत. काम आरंभण्यापूर्वी मूळ थराची प्रत वेगळी ठेवावी.

गुण नेता येतो, माप मोजावे लागते

तिन्ही रीतींना लागू पडणारा एक नियम आहे. रकान्यांतील माहिती दोन जातींची असते. मातीचा रंग, पोत, सामू, गावाचे नाव हे गुण होत. एका शेताचे दोन भाग केले तरी जमीन एकसारखी असेल तर दोन्ही भागांस तोच गुण लागू पडतो. क्षेत्र, झाडांची संख्या, एकूण उत्पन्न ही मापे होत. भाग पाडले की मापही विभागले जाते.

दोन भावांत २ हेक्टरांची वाटणी झाली आणि नकाशावरील आकृती मधोमध कापली, तर सामान्यतः दोन्ही तुकड्यांस जुनीच ओळ मिळते. दोहोंपुढे २ हेक्टर लिहिलेले राहते आणि कागदावर ४ हेक्टर जमीन निर्माण होते. खत, बियाणे व नुकसानभरपाई यांचे हिशेब मग त्याच चुकीवर चालतात. म्हणून आकृती बदलली की क्षेत्र पुन्हा मोजून घ्यावे. ते मोजताना थर मीटरांत मापणाऱ्या प्रक्षेपात असावा. ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांमधील महाराष्ट्रासाठी यूटीएमचा ४३ वा उत्तर पट्टा, आणि नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली यांसारख्या ७८ अंशांपूर्वेकडील भागासाठी ४४ वा पट्टा घ्यावा.

मोठ्या नकाशाकडून लहान शेताकडे

नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेने राज्याचा मृदा नकाशा १ : २,५०,००० या प्रमाणात केलेला आहे. जिल्ह्याच्या नियोजनास तो मोलाचा आहे. परंतु त्या प्रमाणात नकाशावरील १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील २५० मीटर होतात. एका हेक्टराच्या चौरस शेताची बाजू १०० मीटर, म्हणजे त्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. बोथट पेन्सिलीची रेघ त्याहून जाड असते. अशा नकाशावरील माहिती गटापुढे उतरविता येते, पण तेवढ्याने ती त्या गटाची खरी माहिती होत नाही.

चावडीवर वाचन करावे

सात-बाराच्या नोंदी चावडीवर वाचून दाखविण्याची पद्धत आपल्याकडे आहे. तीच या तक्त्यासही लावावी. गटवार यादी छापून ती गावकऱ्यांसमोर वाचावी. ज्याच्या शेतात मुरूम आहे तो ‘काळी, खोल’ हे शब्द ऐकताच उभा राहील. त्याचे म्हणणे लिहून घ्यावे, त्याच्यासोबत शिवारात जाऊन खड्डा काढून पाहावा आणि मगच रकाना दुरुस्त करावा. शेतकरी बंधूंनीही ही यादी मागून पाहावी. आपल्या गटापुढील माहिती स्वतःच्या शेतातील नमुन्याची आहे की शेजारच्या, हे विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट असावी. नियोजनासाठी केलेला हा नकाशा हद्दीचा पुरावा नव्हे. हद्दीचा वाद भूमि अभिलेख खात्याच्या मोजणीनेच मिटवावयाचा असतो.

संगणक हजार गटांच्या ओळी क्षणार्धात भरतो आणि चूकही तितक्याच वेगाने हजार ओळींत पसरवितो. नाल्याच्या अलीकडे काय आहे व पलीकडे काय आहे, हे त्यास सांगण्याचे काम शिवार पायाखाली घातलेल्या माणसाचेच आहे. कार्यकर्त्याने यादी चावडीवर नेली आणि शेतकऱ्याने ती लक्ष देऊन ऐकली, तर ११८ गटाचे शेततळे मुरमात खोदले जाण्याआधीच तक्त्यातील ती ओळ दुरुस्त होईल.