विश्लेषण : मेक्सिकोतील टाकोची खरी चव सारणात की पोळीत?

मेक्सिको सिटीतील 'एल कलीफा दे लेओन' या टाकोच्या छोट्याशा दुकानाला २०२४ मध्ये मिशेलिन तारा मिळाला. मेक्सिकोच्या पारंपरिक खाद्यसंस्कृतीला तर युनेस्कोने २०१० मध्येच अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. रस्त्यावरच्या या बहुतेक पदार्थांचा पाया एकच, तो म्हणजे मका. पर्यटकांनी गाडी निवडताना आधी मक्याची पोळी, म्हणजे टॉर्टिया पाहावी.

चुन्याचे काम काय?

वाळलेले मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, मग धुऊन वाटतात. हा चुना म्हणजे आपण पानाला लावतो तोच. त्यामुळे दाण्याची साल सुटते, पीठ चिकट होते आणि पोळी मोडत नाही. मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्वही शरीराला मिळते. मका युरोपात गेला, पण ही पद्धत गेली नाही. परिणामी, केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांमध्ये १८व्या शतकापासून पेलाग्रा हा आजार पसरला.

काय खावे?

सकाळी कणसाच्या पानांत वाफवलेले तमाल, संध्याकाळी 'टाकोस आल पास्तोर'. हा टाको लेबनॉनहून आलेल्या स्थलांतरितांच्या शावर्मापासून घडला. त्यात मिरचीच्या वाटणात मुरवलेले डुकराचे मांस आणि अननस असते. वाहाकामध्ये त्लायुदा ही मोठी, कडक पोळी मिळते.

शाकाहारींनी काय विचारावे?

'सिन कार्ने' म्हणजे मांसाविना, एवढे सांगून भागत नाही. शिजवलेल्या घेवड्यात आणि तमालच्या पिठात अनेकदा डुकराची चरबी असते. म्हणून 'सिन मांतेका', म्हणजे चरबीविना, हेही सांगावे. भोपळ्याची फुले, निवडुंग किंवा हुइतलाकोचे (कणसावरची खाद्य बुरशी) घातलेला केसादिया हा चांगला पर्याय. मात्र मेक्सिको सिटीत चीज हवे असल्यास तसे सांगावे लागते. तिथे केसादिया चीजशिवायही मिळतो.

गाडी कशी ओळखावी?

गर्दी असावी आणि पदार्थ तव्यावरून थेट हातात यावा. ओल्या पिठाचा गोळा समोर दाबून पोळी भाजली जात असेल, तर उत्तमच. कारखान्यातल्या कोरड्या पिठाची पोळी स्वस्त पडते, पण तिला तो वास आणि लवचिकपणा नसतो. प्रश्न फक्त चवीचाही नाही. जनुकीय बदल केलेल्या मक्याच्या लागवडीवर मेक्सिकोने मार्च २०२५ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून बंदी घातली. पण देशी वाण शेतात टिकायचे, तर त्यांना गिऱ्हाईकही हवे. देशी मका वापरणाऱ्या गाडीवर थोडे जास्त पैसे मोजणारा पर्यटक त्यांपैकीच एक ठरतो.